साखळीचे चाळीस दिवस

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या दोघी घरी आल्या. चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण बाईला मोठा आजार निघाला होता आणि तिच्यासाठी प्रार्थनेची साखळी लावायची होती. "बाई, तुमच्यासारखी साखळी कुणालाच जमत नाही, तुम्हीच लावा," असं त्या म्हणाल्या. मी नाही म्हणाले. पुण्यात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणणं ही काही बातमी नव्हे, पण पाळकाच्या बायकोनं प्रार्थनेला नाही म्हणणं ही बातमी असते. दोघींनी चहा अर्धाच घेतला. संध्याकाळपर्यंत पाळकीणबाईंचा विश्वास थंडावल्याचं निम्म्या चर्चला कळलेलं होतं. थंडावलाय असं कुणी म्हटलं तर माझी हरकत नाही. कारण मात्र त्यांना सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

देवाचं पाचारण माझ्या नवऱ्याला झालं, बदल्या आम्हा दोघांच्या झाल्या. लग्न झालं तेव्हा मला देवानं कशासाठीच बोलावलेलं नव्हतं. मला शाळेत शिकवायचं होतं. पण पाळकाच्या घरात गेलं की बाई आपोआप पाळकीणबाई होते. चादरी धुण्यापासून नाताळच्या नाटकापर्यंत सगळं तिच्या गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात महिला मंडळ पडलं आणि खरं सांगायचं तर ते मला फार आवडलं. माझा स्वभाव मुळातच हुकमी. चाळीस बायका माझं ऐकतात यात मला जे सुख मिळायचं, त्यालाच मी पुढे पाचारण म्हणू लागले. देवाचं नाव लावलं की स्वतःची हौसही सेवा वाटायला लागते.

साखळी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. कुणी फार आजारी पडलं की पंधरा घरं निवडायची. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत एकेका घरानं एकेक तास घ्यायचा, गुडघे टेकून त्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची आणि तास संपला की पुढच्या घराला फोन करून सांगायचं, "आमची झाली, आता तुम्ही घ्या." असे चाळीस दिवस. एकही तास रिकामा जाऊ द्यायचा नाही. माझ्याकडे त्यासाठी दोनशे पानी वही होती, तिच्यात तास आखलेले असायचे आणि ज्या घराचा तास चुकेल त्या घराला माझा फोन जायचा. "अहो, कुकर लावला होता," असं कुणी म्हणालं तर मी म्हणायची, "बरोबर आहे, प्रभूपेक्षा वरणाला घाई." लोक मला घाबरून प्रार्थना करत होते.

साखळीचे माझे तीन नियम होते. आजाऱ्यासमोर मरणाचा विषय काढायचा नाही. शंकेचा शब्द बोलायचा नाही, आजाऱ्यानंही नाही. आणि आजाराची वाच्यता मंडळीबाहेर करायची नाही, कारण बाहेरची माणसं येऊन हळहळतात आणि विश्वास ढिला करतात. हे नियम देवानं दिलेले नव्हते. एका दुपारी मेथी निवडताना मीच ते ठरवले होते.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर आजारी पडल्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता आणि निवृत्तीनंतरही चर्चमध्ये कुणाला चक्कर आली की लोक डॉक्टरच्या आधी त्यांच्याकडे बघायचे. बोलणं थोडं, हात गरम, चालणं भरभर. घोरपडीला दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांचे यजमान राहायचे. यजमान पोस्टातून निवृत्त, आमच्या चर्चच्या कमिटीवरचे जुने सभासद, कडक माणूस.

त्यांना एकच मुलगी. सात वर्षांपूर्वी तिनं तिच्या कंपनीतल्या, नारायण पेठेतल्या एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. चर्चच्या वार्षिक सभेत बापानंच उभं राहून सांगितलं, हिचं नाव पटावरून काढा. काढलं गेलं. कागदावर सही माझ्या नवऱ्याची होती. त्यानंतर सिस्टर मुलीला चोरून भेटायच्या, ते यजमानांना कळलं, घरात अबोला झाला आणि शेवटी आमच्या घरी पुढच्या खोलीत तडजोड झाली. यजमानांनी मुलीबद्दल वाईट बोलायचं नाही आणि सिस्टरांनी त्यांच्या संमतीशिवाय तिला भेटायचं नाही की फोन करायचा नाही. दोघांनी गुडघे टेकून तसं वचन दिलं. आमच्या साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं, एक घर मोडता मोडता वाचलं. मलाही तसंच वाटलं. मी सगळ्यांना चहा दिला.

सिस्टरांनी वचन पाळलं. मुलगी खराडीला राहायची, आमच्यापासून पाऊण तासावर. दर नाताळला तिचा मला मेसेज यायचा, "सलाम काकू, आई कशी आहे?" मी लिहायची, "मजेत आहे."

आजार स्वादुपिंडाचा निघाला आणि निघाला तेव्हाच पसरलेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. मी रविवारी उपासनेनंतर उभी राहून साखळी जाहीर केली. पंधराच्या जागी बावीस घरं पुढे आली. लोणी काळभोरची एक बाई दुपारचा एकचा तास मागायला आली. "बाई, मला लिवता येत न्हाई, पन ह्यो तास माझाच हाय म्हना," असं म्हणाली. माझा ऊर भरून आला. सोमवारी पहिला दिवस सुरू झाला आणि मला मनातून खात्री होती की सिस्टर बऱ्या होणार. नुसती खात्री नव्हती, मी पुढचंही ठरवून ठेवलं होतं. चाळीस दिवस पुरे झाले की उपकारस्तुतीची मोठी सभा घ्यायची, सिस्टरांनी पुढे येऊन साक्ष द्यायची, बापाचं मन तिथेच विरघळणार, मुलीला बोलावून घ्यायचं. देवानं काय करायचं ते मी तारीखवार लिहून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे नाचणीचं सत्त्व घेऊन गेले. यजमान औषधं आणायला गेले होते. सिस्टर पलंगावर टेकून बसल्या होत्या आणि स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत होत्या, ती त्यांची सवयच होती. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "बाई, एक काम होतं. माझ्या मुलीला बोलवा. तिला बघून जाईन म्हणते."

मी म्हणाले, "जाईन असं म्हणायचं नाही सिस्टर. विश्वासानं बोलायचं."

सत्त्वाचे दोन चमचे त्यांनी माझ्यासाठी घेतले.

चौदाव्या दिवशी रविवार होता. उपासना आटोपून मी आणि आणखी एक बाई गेलो, गाणी म्हटली, प्रार्थना केली. ती बाई खाली गेल्यावर सिस्टरांनी मला थांबवलं. त्यांनी पोटावरची चादर बाजूला केली. पोट फुगलं होतं. "पाणी भरायला लागलंय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी वॉर्डातला, रात्रपाळीच्या नर्सनं दिवसपाळीच्या नर्सला सांगावं तसा. "आता तीन आठवडे, फार तर. मी ड्यूटीवर असते ना बाई, तर नातेवाइकांना आजच सांगितलं असतं, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. मी ह्यांना दिलेलं वचन मोडणार नाही. पण तुम्ही ह्यांच्याशी बोललात तर ते नाही म्हणणार नाहीत. पाळकीणबाईंचा शब्द आहे."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "चाळीस दिवस होऊ द्या. सव्वीसच राहिलेत. उपकारस्तुतीला आपण तिला बोलावू, तुम्ही स्वतः दारात उभ्या राहून तिला आत घ्याल."

चाळीस वर्षं माणसं मरताना पाहिलेल्या बाईला मी हे सांगत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, कीव केल्यासारखंही नाही. एखाद्या पेशंटच्या घाबरलेल्या नातेवाइकाकडे नर्स बघते तसं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं."

तेविसाव्या दिवशी त्यांना उठून बसताही येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. "बाई, समजा मी बरी होणारच आहे. खात्रीनं होणार आहे. तरी तिला बोलवायला काय हरकत आहे?"

मी "यजमानांशी बोलते" म्हणाले. यजमान तेव्हा शेजारच्या खोलीत, सात पावलांवर होते. मी त्यांच्याशी बोलले नाही.

का बोलले नाही, हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्याची धार गेलीय. यजमान चिडतील, कमिटीत पुन्हा वाद उठेल, आमच्या साहेबांची जुनी सही उकरली जाईल, ही भीती होतीच. पण भीती हे सोयीचं कारण झालं. खरं कारण याहून वाईट आहे. मुलीला बोलावणं म्हणजे सिस्टर मरणार हे कबूल करणं, आणि ते कबूल केलं की माझी साखळी तुटणार होती. बावीस घरं माझ्या शब्दावर गुडघे टेकून बसली होती. त्यांच्यापुढे मी खोटी पडायला तयार नव्हते. एका मरत्या बाईची शेवटची इच्छा एका पारड्यात होती, दुसऱ्यात माझी वही होती, आणि मी वहीच्या बाजूनं उभी राहिले. प्रार्थनेसारख्या गोष्टीनं माणूस असा बहिरा होऊ शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रभूनं रस्त्याकडेच्या आंधळ्यालासुद्धा आधी विचारलं होतं, तुला माझ्याकडून काय हवंय म्हणून. डोळे नाहीत हे दिसत असूनही विचारलं. मी हा प्रसंग महिला मंडळात किमान दहा वेळा शिकवला असेल.

त्यानंतर सिस्टरांनी मुलीचं नाव काढलं नाही. मी त्याचा अर्थ लावला आणि बुधवारच्या सभेत सांगितलं, "सिस्टर आता अगदी शांत आहेत, विश्वासात स्थिर झाल्यात." बायका "आमेन" म्हणाल्या.

चौतिसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, आमचे साहेब सिस्टरांकडून परत आले ते थेट स्वयंपाकघरात आले. फार मऊ माणूस आहे हा. तीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नाही आणि तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "डोळे पिवळे झालेत. हाक मारली तर कळत नाही. तुझी साखळी थांबव. त्यांना जाऊ दे."

"सहा दिवस राहिलेत," मी म्हणाले.

"तू त्यांना एकदा तरी विचारलंस का, त्यांना काय पाहिजे ते?"

मग मी त्यांना सांगितलं. तिन्ही वेळचं. सांगताना माझा आवाज मला परका वाटत होता. ते स्टुलावर बसले. मला वाटलं ते माझ्यावर रागावलेत, पण ते म्हणाले, "सही माझी आहे," आणि मग, "फोन कर. यजमानांना मी सांगतो."

मुलगी पाऊण तासात आली. घरातल्या कपड्यांवरच, केस तसेच. बाप गॅलरीत पाठ करून उभा होता. त्यानं तिला अडवलं नाही, वळूनही बघितलं नाही. ती पलंगाशी बसली आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन "आई, मी आलेय" म्हणाली. चार वेळा, पाच वेळा म्हणाली. सिस्टरांचा श्वास घुरघुरत होता, त्यात काही फरक पडला नाही. मी दारात उभी राहून बघत होते, त्यांच्या पापणीनं तरी हलावं म्हणून. एवढी कळकळीची प्रार्थना मी चौतीस दिवसांत एकदाही केली नव्हती. पापणी हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर गेल्या.

दफनाला खूप लोक होते. साखळीतली लोणीची बाई माझ्याजवळ आली, रडत होती. "बाई, माझ्या तासात कायतरी कमी पडलं का हो?" म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. बावीस घरांत प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच तासात काहीतरी कमी पडलं. हेही माझंच देणं. नंतर मी एकेका घरी जाऊन सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही. काहींनी विश्वास ठेवला, काहींनी नुसती मान हलवली.

आशा या शब्दावर मी पूर्वी फार सफाईनं बोलायची. आशा म्हणजे बरं होण्याची खात्री, एवढा सोपा अर्थ मी लोकांना वाटला. आता कुणी आजारी पडलं की मी जाते, वही नेत नाही. आधी विचारते, "कुणाला बोलवायचंय का?" काही वेळा माणसं माझ्याकडे चमकून बघतात, घरचे नाराज होतात, एकदोघांनी साहेबांकडे तक्रारही केली की पाळकीणबाई अपशकुनी बोलतात. बोलू देत. कबरेपलीकडे काहीतरी आहे असं मी अजूनही मानते. मानते म्हणण्यापेक्षा त्याला हातानं धरून ठेवलंय, कारण ते सोडलं तर सिस्टरांना माझा शेवटचा शब्द "यजमानांशी बोलते" एवढाच राहील. मला त्यांना कधीतरी भेटायचंय. माझी आशा आता एवढीच आहे आणि ती फारशी सुखाची नाही.

दफनानंतर आठ दिवसांनी मुलगी आमच्या घरी आली. मला वाटलं आईच्या कागदपत्रांचं काही असेल. तिनं बिस्किटांचा एक पुडा आणला होता, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "काकू, मी आभार मानायला आले. तुम्ही बाबांना न जुमानता फोन केलात. निदान हात तरी धरता आला मला. बाकी कुणी नसतं केलं."

मी नजर खाली घालून पुडा बाजूला ठेवला. तिला तो विनय वाटला असावा.

थोड्या वेळानं तिनं खाली बघत विचारलं, "आईनं माझी आठवण काढली होती का हो? बाबा म्हणतात, शेवटपर्यंत एकदाही नाव काढलं नाही."

त्या क्षणी मला सहज सुटता आलं असतं. "काढली होती" एवढे दोनच शब्द पुरेसे होते. ते खरे होते, तिला बरं वाटलं असतं, आणि तो बिस्किटांचा पुडा मला निर्धास्तपणे उघडता आला असता. आतून साहेबांच्या खोकण्याचा आवाज आला. ते ऐकत होते की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. गुरुवार, रविवार, मंगळवार. सिस्टर काय म्हणाल्या आणि मी काय म्हणाले. नियम कुणी केले होते तेही. काहीही गाळलं नाही आणि माफीही मागितली नाही, कारण माफी मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

मग तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि कॅलेंडरमध्ये अंगठ्यानं मागे मागे जात राहिली. "गुरुवार," ती म्हणाली, "घरीच होते. घरूनच काम होतं त्या दिवशी." पुन्हा अंगठा फिरवला. "रविवार. घरीच." तिसरी तारीख तिनं बघितली नाही. मोबाइल बंद करून पर्समध्ये ठेवला.

ती उठली तशी मीही उठले. दारात चपला घालताना तिनं भिंतीला हात टेकला होता. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "आई मला लहानपणापासून सांगायची, कधी काही अडलं, आणि मी नसले, तर पाळकीणबाईंकडे जायचं. म्हणून तिनं तुम्हाला सांगितलं असेल."

मी "हो" म्हणाले. ती जिना उतरून गेली.